पाठ

मोहिनी वैतीची पाठ मला पाठ आहे.
चेहरा विचाराल तर अडखळेन.
पण मानेवर, वेणीच्या मुळाशी, तांदळाएवढा तीळ,
बनियनवर चार सेफ्टी पिनांनी टाचलेला नंबर,
त्यातली खालची उजवी पीन कायम उघडी,
आणि तो कोपरा वाऱ्यावर फडफडणारा,
खिजवल्यासारखा.
नंबर बदलत गेले. पीन उघडीच राहिली.

सव्वीस वेळा धावले तिच्यामागे.
मरीन लाइन्सचं मैदान, तेव्हाचा भुकटीचा ट्रॅक,
पडलं की गुडघ्यात काळं गोंदण उरायचं.
पहिल्यांदा आली ती वरळी कोळीवाड्यातून, अनवाणी.
आमच्या शाळेच्या मुलींनी नाकाला रुमाल लावले,
म्हणाल्या, सुकटीचा वास येतोय.
मग बंदूक वाजली
आणि वास येईल इतक्या जवळ
कुणी पोचलंच नाही.

पुढे स्पाइक्स मिळाले, कुणाचे तरी उतरलेले, दोन नंबर मोठे.
पुढच्या टोकात कापूस कोंबायची
आणि जिंकल्यावर तो कापूस काढून वाळत घालायची,
कठड्यावर, पापलेटं मांडावीत तसा, ओळीनं.

आल्मेडा सर मला म्हणाले होते,
"शुभदा, तू पळतेस. ती निघून जाते."
हे ते चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

बारा पॉइंट चार. बारा पॉइंट एक.
मग एका डिसेंबरात अकरा पॉइंट नऊ,
तेव्हा तिन्ही टाइमकीपर
एकमेकांच्या घड्याळात डोकावले,
चोरी झाल्यासारखे.
माझा वेळ घ्यायचा राहूनच गेला.

मी तिचा द्वेष केला, हे लिहून ठेवते.
पोटऱ्यांना आयोडेक्स चोळताना केला,
पहाटे भिजवलेले चणे चावताना केला.
तिचा पाय मुरगळावा असं कधी मागितलं नाही.
म्हणजे, तोंडानं नाही.

फक्त रिलेत गोष्ट वेगळी.
तिसरी मी, चौथी ती.
तिथं ती माझ्यासाठी थांबायची.
सगळ्या मुंबईत मोहिनी वैती कुणासाठी थांबली असेल
तर त्या वीस मीटरांत, माझ्यासाठी.
मी ओरडायचे, "घे!"
आणि मागे न बघता तिचा हात यायचा,
तळवा उघडा, अंगठा बाहेर,
जाळं ओढून ओढून घट्टे पडलेला.
त्यात दांडी ठेवली की माझं काम संपलं.
मग तिची पाठ लहान होत जाताना
मला पहिल्यांदाच बरं वाटायचं.

त्र्याऐंशीची निवड चाचणी. साठ मीटरवर
कापड फाटल्यासारखा आवाज झाला, की मलाच वाटला?
ती मांडी धरून बसली
आणि मी तिच्या शेजारून गेले.
तेव्हा चेहरा दिसला. एवढाच. ओझरता.
त्या दिवसाच्या फोटोत मी हात वर करून आहे,
आणि माझ्या मागे, धूसर, एक बसलेली मुलगी.
फोटो मी कुठं लावला नाही. फाडलाही नाही.

नंतर ती दोन मोसम धावली. पाचवी आली. सातवी.
तिच्या पुढे कोणाच्या पाठी होत्या, ते तिला विचारायला हवं होतं.
पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी लागली, हजेरीपटावर सही,
उशीर झाला की लाल रेघ.
तिच्या नावापुढे लाल रेघ!

परवा, नोव्हेंबरात, वडाळ्याच्या बँकेत
हयातीच्या दाखल्याची रांग होती.
माझ्या पुढची बाई वजनदार, केस रंगवलेले,
गुडघ्याला पट्टा, हातात प्लास्टिकची फाइल.
पंखा फिरला. मानेवरचे केस हलले.
तांदळाएवढा तीळ.

मी हाक मारायला तोंड उघडलं,
पण काय मारायची हाक, एवढ्या वर्षांनी?
तेवढ्यात काउंटरवरच्या पोरीनं तिला फॉर्म दिला
आणि मागे न बघता तिचा हात आला,
तळवा उघडा, अंगठा बाहेर.
"पेन?"

मी ठेवलं.

तिनं सही केली, अंगठाही दिला मशीनवर,
जिवंत असल्याचं दोनदा सिद्ध केलं,
आणि बाजूच्या दारानं निघून गेली.

पेन तिच्याकडेच राहिलं.
माझ्या मागचा म्हातारा म्हणाला, "अहो, पुढे सरका."
सरकले.